भाजी आणि साखर : पोषणाची तुलना करताना नेहमी पडणारे प्रश्न

बीटमध्ये साखर, गाजरात साखर, कांद्यातसुद्धा साखर. मग चहातल्या दोन चमच्यांनीच असं काय बिघडतं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘साखर वाईट, भाजी चांगली’ एवढ्या एका ओळीत मिळत नाही. तुलना कोणत्या मापाने करायची हे आधी ठरवावं लागतं, कारण बहुतेक गोंधळ मापातच असतो.

खालचे आकडे कच्च्या, निवडलेल्या भाजीचे आहेत. वाण, माती आणि ऋतू यांप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतात. ‘कॅलरी’ म्हणजे किलोकॅलरी. चहाचा सपाट चमचा (५ मि.लि.) म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर, घरात आपण घालतो तो भरलेला चमचा ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरतो.

१०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम भाजी शेजारी ठेवली तर काय दिसतं?

साखरेत सुमारे ४०० कॅलरी. प्रथिनं नाहीत, चोथा नाही, जीवनसत्त्वं नाहीत, खनिजं नावापुरती. पालकात २४ कॅलरी आणि ९० टक्के पाणी. ही तुलना सगळीकडे छापली जाते, पण तिच्यातून पालकात पाणी जास्त असतं यापलीकडे फारसं कळत नाही. शंभर ग्रॅम साखर एका बैठकीला कोणी खात नाही.

त्यापेक्षा १०० कॅलरींचं माप घ्या. साखरेच्या १०० कॅलरी म्हणजे २५ ग्रॅम, घरातले पाच चमचे. दिवसभरात तीन कप गोड चहा प्यायला तर तेवढी सहज पोटात जाते. पालकाच्या १०० कॅलरींसाठी ४०० ग्रॅमहून जास्त पानं लागतात. त्यांतून सुमारे साडेआठ ग्रॅम प्रथिनं, नऊ ग्रॅम चोथा, ३०० मि.ग्रॅ.हून जास्त कॅल्शियम, ११ ते १२ मि.ग्रॅ. लोह आणि कच्च्या पानांत १०० मि.ग्रॅ.च्या वर ‘क’ जीवनसत्त्व मिळतं. दुधी तर १०० कॅलरींसाठी पाऊण किलोच्या आसपास लागतो, गाजर पाव किलोहून थोडं जास्त.

या आकड्यांनाही एक मर्यादा आहे. पालकातलं लोह आणि कॅल्शियम तक्त्यात दिसतं तेवढं अंगी लागत नाही. पालकातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि वनस्पतींतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. कॅल्शियमसाठी पालकापेक्षा मेथी आणि शेवग्याचा पाला सरस. दोन्हींत १०० ग्रॅमला अडीचशे ते तीनशे मि.ग्रॅ.च्या आसपास कॅल्शियम असतं.

भाजीतली साखर आणि डब्यातली साखर वेगळी असते का?

रासायनिकदृष्ट्या नाही. डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज: ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू जोडून झालेला. बीट आणि गाजर यांत मुख्यतः हेच सुक्रोज असतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा बीटच. आंद्रेआस मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बीटच्या मुळातून साखरेचे स्फटिक वेगळे काढले आणि ही साखर उसाच्याच साखरेसारखी आहे हे दाखवलं. त्याचा शिष्य फ्रान्त्स आखार्ड याने १८०१ च्या सुमारास सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) बीटपासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. आज युरोपात मोठ्या प्रमाणावर साखर बीटपासून होते. ते साखरबीट आणि आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट ही एकाच प्रजातीची भावंडं. साखरबीटमध्ये १५ ते १८ टक्के साखर, तर आपल्या बीटमध्ये सुमारे ७ टक्के.

म्हणजे एकाच वनस्पतीच्या मुळाची कोशिंबीरही होते आणि पोतंभर साखरही. गोडी एकच, बाकीचं सोबत आलं की मागे राहिलं, एवढाच फरक. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथे आहे.

साखर एकच, तर शरीरावर परिणाम वेगळा का?

पहिलं कारण प्रमाण. १०० ग्रॅम गाजरात ५ ग्रॅमच्या आतच साखर असते. २५० मि.लि.च्या साध्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत २५ ते २७ ग्रॅम. तेवढ्या साखरेसाठी अर्ध्या किलोहून जास्त गाजर चावून खावं लागेल, आणि त्याच्या आधीच जबडा दमेल, पोट भरेल.

दुसरं कारण वेग. भाजीतली साखर पेशींच्या आत, पेशीभित्तींच्या आड असते. ती चावून फोडावी लागते, चोथ्यात अडकते, आतड्यात सावकाश पोचते. विरघळलेल्या साखरेला अशी अडवणूक नाही. लहान आतड्यातलं विकर (एन्झाइम) ती लगेच तोडतं, ग्लुकोज रक्तात जातं आणि फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे. यकृताला थोडं फ्रुक्टोज सहज पेलतं. थोड्या वेळात भरपूर आलं, तेही रोज, तर त्याची चरबी होऊ लागते.

दातांचा हिशेब वेगळा. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि तोंडातला पीएच (जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं कवच विरघळू लागतं. इथे एकूण किती साखर खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या जेवणासोबत एकदाच खाल्लेल्या श्रीखंडापेक्षा दातांना जास्त त्रास देतात.

साखर बनताना नेमकं काय निघून जातं?

महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत ऊस गाळून रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू सोडतात, रस तापवून निवळतात, आटवतात आणि निर्वात भांड्यात स्फटिक पाडतात. निवळताना रसातली प्रथिनं, मेण आणि काही खनिजं गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये जातात. शेवटी यंत्रात गरगर फिरवून स्फटिक वेगळे केले की उरलेली खनिजं मळीत राहतात. चोथा तर आधीच चिपाडात गेलेला असतो. उतारा १० ते ११ टक्के, म्हणजे एक टन उसातून १०० ते ११० किलो साखर.

‘रिफाइंड’ किंवा ‘सल्फरलेस’ साखर यापुढे आणखी शुद्ध करतात. ती जास्त पांढरी असते, गंधक नसतं; पण पोषणाच्या दृष्टीने साध्या साखरेत आणि तिच्यात मोजण्याजोगा फरक नाही. दाणा मोठा की बारीक, यानेही काही बदलत नाही.

मग गूळ, मध, खडीसाखर किंवा ब्राउन शुगर घेतली तर?

खडीसाखर म्हणजे मोठ्या स्फटिकांची साखरच. ब्राउन शुगर म्हणजे मळीचा पातळ थर असलेली साखर. मधात पाणी असल्यामुळे कॅलरी थोड्या कमी, पण चमच्याला मध वजनाने जास्त बसतो, त्यामुळे तो फायदा तिथेच संपतो.

गुळाबद्दल नीट सांगायला हवं, कारण घरोघरी लोहासाठी गूळ खाल्ला जातो. गुळात लोह असतं हे खरं, पण प्रमाण फार बदलतं. १०० ग्रॅमला ४ ते ५ मि.ग्रॅ. धरलं तरी १० ग्रॅमच्या खड्यातून मिळतं अर्धा मि.ग्रॅ.च. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मि.ग्रॅ. आहे. ती भरून काढायला गूळ खायचा म्हटलं तर लोहाआधी साखरच डोईजड होईल. चवीसाठी गूळ जरूर वापरा. रक्त वाढवण्याचं काम पालेभाज्या, कडधान्यं, बाजरी, अळीव आणि सोबत लिंबू यांच्यावर सोपवा. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या टाळू नका.

मधुमेहात गाजर, बीट, रताळं बंद करावं का?

गाजर आणि बीट बंद करायचं कारण नाही. गाजराची बदनामी जुन्या आकड्यामुळे झाली. १९८१ मध्ये आलेल्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या (पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो त्याचा निर्देशांक) पहिल्या तक्त्यात गाजराचा आकडा ९० च्या वर होता. पुढच्या मोजणींत तो ५० च्या खाली आला. शिवाय हा निर्देशांक ५० ग्रॅम कर्बोदकांवर मोजतात. तेवढी कर्बोदकं मिळवायला गाजर पाऊण किलोच्या आसपास लागतं. ताटात असतं पाऊणशे ग्रॅम.

बटाटा, रताळं, सुरण, अरवी यांचं मात्र वेगळं. त्यांत पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं आणि पिष्टाचं शेवटी ग्लुकोजच होतं. बटाटा गोड लागत नाही म्हणून तो ‘बिनसाखरेचा’ समजणं ही फार नेहमीची चूक. ही कंदमुळं खायला हरकत नाही, पण ती भाजीच्या वाटीत न धरता पोळी-भाताच्या वाट्यात धरा. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी. उपासाला साबुदाणा, बटाटा आणि रताळं एकाच ताटात आलं तर रक्तातली साखर वाढणारच.

एक सवय खरोखर उपयोगी पडते: जेवणाच्या सुरुवातीला कोशिंबीर आणि भाजी खायची, मग पोळी-भात. त्याच जेवणानंतर रक्तातली साखर तुलनेने कमी चढते.

गाजराचा हलवा भाजीत धरायचा का?

नाही. एक किलो गाजराच्या हलव्यात साधारण पाव किलो साखर जाते. आठ वाटे केले तर गाजराची स्वतःची साखर वाट्याला ६ ग्रॅम येते आणि वरून घातलेली ३१ ग्रॅम. कॅलरींमध्ये गाजर सुमारे ३५० आणि साखर १०००, दूध-तूप वेगळं. दुधीहलव्यात हे आणखी ठळक दिसतं, कारण दुधीला स्वतःच्या कॅलरी जवळजवळ नाहीतच. सणाला हलवा खावा, आनंदाने खावा. भाजी वेगळी खावी.

साखर कमी करायची असेल तर गाजर किसून तुपावर पाणी आटेपर्यंत परता, दूध पूर्ण आटू द्या आणि साखर अगदी शेवटी, चव पाहून घाला. सुरुवातीलाच घातली की पाणी सुटतं, हलवा पांगतो आणि आटल्यावर किती गोड होईल याचा अंदाज चुकतो. गाजर ताजं आणि गोड असेल तर १५० ग्रॅममध्ये हलवा छान होतो.

भाज्यांचा रस काढून प्यायला तर?

गाळलेल्या रसात चोथा मागे राहतो आणि साखर ग्लासात येते. वर सांगितलेली पेशीभित्तींची आड त्यामुळे गेलीच. चार गाजरं चावायला वेळ लागतो, त्यांचा रस दोन घोटांत संपतो. कोशिंबीर शक्य असेल तिथे रस नको.

दुधीच्या रसाबाबत एक गोष्ट सर्वांना माहीत असायला हवी. काही दुधी कडू निघतात. ती कडू चव कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याची असते. अशा रसाने रक्ताच्या उलट्या होऊन आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. रस काढण्याआधी दुधीची फोड जिभेला लावून पाहा. जरा जरी कडू लागली तरी तो दुधी फेकून द्या. ‘कडू म्हणजे औषधी’ म्हणून प्यायचा नाही, मध-लिंबू घालून चव लपवायची नाही. पिऊन झाल्यावर मळमळ, उलटी किंवा पोटदुखी सुरू झाली तर लगेच रुग्णालय गाठा.

दिवसाला साखर किती आणि भाजी किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. ‘मुक्त’ साखरेत वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांच्या रसातली साखरही येते. अख्ख्या भाजीतली आणि अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत. भाजी त्याच सूचनांनुसार दिवसाला ४०० ग्रॅम.

घरात हे मोजायला वजनकाटा लागत नाही, वाण्याची यादी पुरते. महिन्याला लागणारी साखर आणि गूळ मिळून ग्रॅममध्ये लिहा, घरातल्या माणसांनी भागा, मग ३० ने भागा. चार माणसांत महिन्याला ५ किलो लागत असेल तर माणशी रोज जवळजवळ ४२ ग्रॅम. बिस्किटं, आइस्क्रीम, बाहेरचा चहा अजून यात आलेलाच नाही.

भाजीचा हिशेबही तसाच. चार माणसांना आठवड्याला ११ किलोहून जास्त निवडलेली भाजी लागते. देठं, सालं, शेंगांच्या टरफलांची घट धरली तर बाजारातून १४ किलोच्या आसपास. मेथीच्या जुडीतून निवडल्यावर बरेचदा निम्मंच वजन हाती येतं, मटारच्या शेंगांतूनही तेच. कांदा-टोमॅटो यात धरा, बटाटा धरू नका. बहुतेक घरांत हा आकडा गाठला जात नाही. पहिली पायरी म्हणून प्रत्येक जेवणात शिजलेल्या भाजीची एक भरलेली वाटी आणि सोबत कोशिंबीर, एवढं जमवा.

साखर कुठे लपलेली असते?

टोमॅटो केचपमध्ये १०० ग्रॅमला साधारण २० ते ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे एका मोठ्या चमच्याला चहाच्या एका चमच्याएवढी. मुलाला ‘टोमॅटो तरी पोटात जातो’ म्हणून केचप देणं योग्य नाही. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या तिनांत असेल तर तो गोड पदार्थच समजा. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच नावं, आणि माल्टोडेक्स्ट्रिन गोड नसलं तरी रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं.

आमटी-भाजीत घातलेला गुळाचा खडा चालेल का?

चालेल. चार माणसांच्या आमटीत सुपारीएवढा खडा पडला तर वाट्याला दोन-अडीच ग्रॅम येतो. त्यामुळे कारलं किंवा आंबट चुका आवडीने खाल्ला जात असेल तर तो खडा सत्कारणी लागला. वाचवायची तर चहातली साखर वाचवा.

भाजीतलं पोषण आपल्या हातून कुठे वाया जातं?

बरंचसं ओट्यावरच. भाजी चिरून मग धुतली की ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतं. धुऊन, निथळून मग चिरा. रात्री चिरून ठेवलेली पालेभाजी सकाळपर्यंत बरंच गमावते. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, आमटीत किंवा कणकेत वापरा. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची पद्धत तर सोडूनच द्या, त्याने ‘ब१’ आणि ‘क’ दोन्ही नष्ट होतात. रंगासाठी पहिली दोन-तीन मिनिटं झाकण न ठेवता शिजवा. पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात, नाही तर तीच हिरवा रंग करपट करतात. मग झाकून शिजवा.

गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्या यांतलं कॅरोटिन अंगी लागायला थोडं तेल लागतं. फोडणी त्यासाठी उपयोगीच आहे. चार माणसांच्या भाजीला चार लहान चमचे तेल पुष्कळ. लोहासाठी वर लिंबू पिळा, पण भाजी गॅसवरून उतरल्यावर. आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहातली टॅनिन लोह अडवतात.

साखर भाजीपेक्षा उपयोगी पडते असं कधी होतं का?

होतं, आणि तेव्हा ती जीव वाचवते.

मधुमेहाच्या औषधांमुळे रक्तातली साखर ७० मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या खाली गेली, घाम, थरथर, गोंधळ सुरू झाला, तर १५ ग्रॅम साखर (तीन भरलेले चमचे) पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. नंतर पोळी किंवा बिस्किटं. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधं चालू असतील तर साधी साखर वेळेवर काम करत नाही, कारण ती तोडणारं विकरच औषधाने रोखलेलं असतं. अशा घरात ग्लुकोज पावडर ठेवायलाच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालयात न्या.

जुलाबात साखर आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढायला मदत करते. तयार ओआरएसची पुडी उत्तम. ती मिळेपर्यंत १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर वाढवली तर जुलाब वाढतात, मीठ वाढलं तर लहान मुलांना ते घातक ठरतं. चमचा सपाट म्हणजे सपाटच.

भाज्या सर्वांना सारख्याच चालतात का?

नाही. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकावं लागतं; उकडलेलं पाणी न ओतण्याचा वरचा सल्ला अशा रुग्णांसाठी नेमका उलटा होतो. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करू नयेत, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवावं, कारण त्यांतलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम बदलतं. ऑक्झॅलेटचे मूतखडे होणाऱ्यांनी पालक आणि अळू आवरतं घ्यावं. आणि कोणीही फक्त भाज्यांवर राहू नये. ऊर्जा अपुरी पडते, प्रथिनं कमी पडतात आणि बी-१२ तर मिळतच नाही.

साखर स्वस्त आणि भाजी महाग आहे, मग काय करायचं?

कॅलरींच्या भावाने पाहिलं तर हे खरंच आहे. एक किलो साखर ४००० कॅलरी देते, तेवढ्या पैशांची भाजी त्याच्या जवळपासही येत नाही. म्हणून राबणाऱ्या माणसाचं पोट गोड चहावर ढकललं जातं. तो त्याच्या समजुतीचा दोष नाही. पण कॅलरींसाठी ज्वारी, बाजरी आणि डाळ साखरेपेक्षा कितीतरी चांगली. भाजीकडून कॅलरी नव्हे, बाकीचं सगळं घ्यायचं असतं, आणि त्यासाठी महाग भाजी लागत नाही. दारातल्या शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, चाकवत, अंबाडी, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू या भाज्या ब्रोकोलीच्या पंगतीत कुठेही कमी नाहीत. मुळ्याचा आणि बीटचा पाला तर आपण कित्येकदा विक्रेत्यालाच तोडून टाकायला सांगतो. तो घरी आणा. फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून पीठ पेरून परता.

मुलं भाजी खात नाहीत. साखर घालून दिली तर?

दोन वर्षांखालच्या बाळाला वरून साखर किंवा गूळ अजिबात नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. बाळाला लाल भोपळा, गाजर, दुधी मऊ उकडून, कुस्करून, किंचित तूप घालून द्या. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं म्हणजे नावडलं असं नाही. तीच भाजी आठ-दहा वेळा, थोडी थोडी, बळजबरी न करता समोर यावी लागते. मोठ्या मुलांना पालक-मेथी पराठ्यात, भोपळा थालीपिठात, बीट धिरड्यात चालतं. बीट खाल्ल्यावर लघवी किंवा शी लालसर दिसली तर घाबरू नका, तो बीटचाच रंग असतो.

चहातली साखर कमी कशी करावी?

एकदम बंद केली की बहुतेकांची आठवड्यात परत सुरू होते. दर दोन आठवड्यांनी कपामागे पाव चमचा कमी करा. दोन चमच्यांवरून एकावर यायला दोन महिने लागतात, आणि तोवर जीभ सरावते. साखर चहात उकळवू नका, कपात घाला. घरातल्या प्रत्येकाचं माप वेगळं ठेवता येतं आणि डब्यातून किती जाते हे डोळ्यांना दिसतं. त्यासाठी डब्यात लहान चमचा ठेवा, पोह्यांचा नको.